दिवा स्थिर होईपर्यंत

राउटरच्या तळाशी एक बारीक भोक असतं. पेपर क्लिप सरळ करून तिचं टोक त्यात घालायचं, आतलं बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने वीज चालू करायची. पॉवरचा दिवा आधी केशरी लागतो. क्लिप हलू द्यायची नाही. थोड्या वेळाने तोच दिवा हिरवा होऊन लुकलुकायला लागला, की डबा नवं काही ऐकून घ्यायला तयार झाला असं समजायचं. मग वायरने जोडलेल्या लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यायचा, समोरचा डबा १९२.१६८.१.१ वर आहे असं धरायचं, फाइल पाठवायची आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. फाइल काही क्षणांत पोचते, पण ती चिपवर लिहिली जायला मिनिटं लागतात. तेवढा वेळ बघायला फक्त तो दिवा असतो.

नेटगिअरच्या डब्ल्यूएनडीआर३७०० आणि ३८०० या घरगुती राउटरांवर २०११ ते २०१४ या काळात ‘सेरो-डब्ल्यूआरटी’ नावाचं प्रायोगिक फर्मवेअर तपासणाऱ्यांना ही बैठक पाठ झालेली होती. फर्मवेअर म्हणजे डब्याच्या पोटातला प्रोग्रॅम. पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, कुठून आलं, कुठे धाडायचं, कुणाला आधी सोडायचं, कुणाला थांबवायचं, हे सगळं तोच ठरवतो. कंपनीने भरून दिलेला प्रोग्रॅम काढून टाकायचा, त्या जागी कुणीतरी नुकताच तयार केलेला, अजून कुणीच फारसा न वापरलेला प्रोग्रॅम घालायचा आणि त्याच डब्यावर घर चालवायचं. कुणाचं ऑफिसचं काम, कुणाचा अभ्यास, कुणाचा परदेशातल्या बहिणीला लावलेला फोन, सगळं त्याच्याच भरवशावर. बिघडलं तर बाजूच्या खोलीतून लगेच आवाज येणार : नेट गेलं का?

इतकं जोखमीचं काम घरात का करायचं? राउटर बनवणाऱ्या कंपन्यांकडे प्रयोगशाळा असतात, यंत्रं असतात, पगारी माणसं असतात. पण ज्या दोषामागे ही मंडळी लागली होती, तो प्रयोगशाळेत दिसतच नव्हता. तो घरातच दिसत होता, आणि तिथेही सगळे जण एकाच वेळी नेट वापरत असताना.

तो पहिल्यांदा नीट पकडला गेला, तोही एका घरात. जिम गेटिस हे संगणकविश्वातलं जुनं, मानाचं नाव. एक्स विंडो प्रणालीच्या मूळ कर्त्यांपैकी ते एक आणि वेबचा पाया असलेल्या एचटीटीपी १.१ या मानकाचे एक संपादक. २०१० साली ते बेल लॅब्जमध्ये होते. घरात मुलांची अधूनमधून तक्रार असे, की आज इंटरनेट हळू चाललंय. त्यांनी बघायला घ्यावं तोवर ते पूर्ववत झालेलं असे. मग एकदा ते एक्सचे जुने दस्तऐवज घरून एमआयटीतल्या संगणकावर चढवत होते. फाइल मोठी, काम बराच वेळ चालणारं. ते चालू असताना त्यांनी पिंग लावून पाहिलं. पिंग म्हणजे दूरच्या संगणकाला घातलेली हाक. हाकेला ओ यायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत कळतं. ओ यायला एक सेकंदाहून जास्त वेळ लागत होता. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत यायलाही पॅकेटला साधारण पाव सेकंद पुरतो. इथे तर पॅकेटला घरातून निघून त्याच राज्यातल्या एमआयटीपर्यंत जायचं होतं. रस्ता तेवढाच होता. पॅकेट कुठेतरी रांगेत उभं राहत होतं.

ती रांग कुठे होती, हे समजायला पंढरपूर आठवावं. आषाढीला दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. आता समजा, कुणी ठरवलं की रांग रस्त्यावर बरी दिसत नाही, म्हणून आणखी चार मजल्यांचा दर्शनमंडप बांधू. मंडप होईल, रस्ता मोकळा दिसेल, पण गाभाऱ्यातून मिनिटाला जेवढे वारकरी पुढे सरकतात तेवढेच सरकतील. उलट एक नुकसान होईल. रस्त्यावरची रांग बघून जो माणूस म्हणाला असता, की आत्ता नको, चंद्रभागेवर जाऊन येतो, तोही मोकळा रस्ता बघून आत शिरेल आणि तासन्‌तास अडकेल.

राउटरमध्ये आणि मोडेममध्ये नेमकं हेच झालं होतं. मेमरी स्वस्त झाली. पॅकेट वाया जाणं वाईट, असं सगळ्यांनीच धरून ठेवलेलं. म्हणून जो तो बफर, म्हणजे पॅकेट थोपवून ठेवायची जागा, मोठा करत गेला : मोडेमवाला, राउटरवाला, वाय-फायच्या चिपचा ड्रायव्हर लिहिणारा, लॅपटॉपमधली कार्यप्रणाली. पण टीसीपी, म्हणजे फाइल पाठवण्याची जी पद्धत इंटरनेटवर चालते, ती मुख्यतः पॅकेट गळण्यावरून वेग ठरवते. पाठवणारा वेग वाढवत जातो आणि एखादं पॅकेट गळालं की समजतो, पुढे गर्दी आहे, आवरतं घ्यावं. मोठ्या बफरने हा निरोपच दाबून ठेवला. पाठवणारा खुशाल ओतत राहिला, मंडप भरत राहिला, आणि घरातल्या बाकीच्यांची इवलीशी पॅकेट त्याच गर्दीच्या शेपटाला जाऊन उभी राहिली.

गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं, बफरला आलेली सूज. मराठी घरांत बफर हा शब्द एव्हाना व्हिडिओमुळे पोचला आहे. पडद्यावर चक्र फिरायला लागलं की आजीसुद्धा म्हणते, बफरिंग होतंय. तो बफर उपयोगाचा. तो पुढचं थोडं साठवून ठेवतो. दुखणं देणारा बफर दिसत नाही, त्याचं चक्रही फिरत नाही. बोलताना समोरच्याचा आवाज उशिरा येतो, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. मग माणसं नेट देणाऱ्याला फोन करतात, तो वेग मोजायला सांगतो आणि वेग तर पुरेपूर भरतो. मग तक्रार करणाराच खोटा ठरतो.

प्रयोगशाळेत हे का दिसलं नाही, ते आता उघड आहे. तिथे एक संगणक, एक वायर, एक मोठी फाइल आणि एकच प्रश्न : सेकंदाला किती मेगाबिट? बफर जितका मोठा, तितका तो आकडा चांगला दिसतो. घरात मात्र रांग हलती असते. लॅपटॉप राउटरशेजारी असेल तर अडकायची जागा मोडेमपाशी. तोच लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे मागच्या खोलीत नेला, की वाय-फायचा वेग बाहेरच्या जोडणीपेक्षा खाली येतो, आणि रांग मोडेममधून उठून राउटरच्या किंवा लॅपटॉपच्याच पोटात जाऊन बसते. खुर्ची हलवली की दुखणं हलतं. हे बघायला घर, भिंती, खोल्या आणि एकाच वेळी नेट वापरणारी चार माणसं लागतात.

आणि लागतो उघडता येणारा डबा. तो कसा उघडला गेला, याची हकिकत थोडी आधीची आहे.

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आणला. निळा चेहरा, काळं अंग, मागे दोन अँटेना. पुढच्याच वर्षी सिस्कोने जवळपास ५० कोटी डॉलरला लिंकसिस विकत घेतली. या डब्यात १६ मेगाबाइट रॅम आणि ४ मेगाबाइट फ्लॅश मेमरी होती. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्या फ्लॅशमध्ये कदाचित मावणार नाही. पण २००३च्या मध्यावर जाणकारांच्या लक्षात आलं, की आत लिनक्स चालतंय. चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअर तैवानच्या सायबरटॅनने जुळवलेलं, नाव लिंकसिसचं, मालकी सिस्कोची. आणि या सगळ्या साखळीच्या बुडाशी असंख्य लोकांनी मिळून लिहिलेला प्रोग्रॅम. तो जीपीएल या परवान्याखाली वाटला जातो. घ्या, बदला, विका, पण ज्याला विकाल त्याला सोर्स कोडही मिळाला पाहिजे, एवढीच अट. ती पाळली गेली नव्हती. ओरड झाली, आणि त्याच वर्षी सोर्स कोड लोकांसाठी खुला करण्यात आला. एका परवान्यातल्या एका अटीने लाखो घरांतल्या डब्यांचं कुलूप काढलं. संगणकाच्या इतिहासात एवढं मोठं दार इतक्या साध्या वाक्याने क्वचितच उघडलं असेल.

सोर्स कोड मिळाला, तरी आत शिरायचं कसं? मार्ग सापडला तो त्या डब्याच्याच एका चुकीतून. राउटरच्या सेटिंगच्या पानांत पिंग करून बघण्याची सोय होती. पत्त्याच्या जागी पत्ता न लिहिता लिनक्सची आज्ञा विशिष्ट चिन्हांत घालून लिहिली, तर डबा ती मुकाट्याने पाळत असे. रिकामी जागा चालत नसे, म्हणून तिच्याऐवजी एक आडवळणाचं चिन्हसूत्र टाकावं लागे. तुकड्यातुकड्याने आज्ञा देत ‘बूट वेट’ नावाची एक खूण चालू करायची. ती चालू झाली, की राउटर उठताना काही सेकंद थांबून कान देतो : कुणी नवं फर्मवेअर पाठवतंय का? पुढे काहीही बिघडलं तरी या काही सेकंदांतून परत येता येई. सावध माणसं पहिल्यांदा एवढंच करून ठेवत आणि मगच पुढचा खेळ मांडत.

ज्यांनी ते केलं नाही, त्यांच्या डब्याची वीट झाली. हा शब्द या लोकांचाच. दिवे लागतात किंवा तेही लागत नाहीत, वजन तेवढंच, उपयोग विटेएवढा. त्यावरचा उपाय ज्याने केला असेल, त्याला तो जन्मभर आठवत असणार. या राउटरला बाहेरून एकही स्क्रू नव्हता. अंगठ्यांनी जोर देऊन निळा चेहरा ओढला, की डबा उकले. आत हिरव्या बोर्डावर फ्लॅशची चिप, तिला दोन्ही बाजूंनी केसाएवढे पाय. त्यातला १५वा आणि १६वा पाय मोजून काढायचा, बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक दोघांना एकदम टेकवायचं आणि तसंच धरून वीज द्यायची. चिप वाचताना गडबड होते, बिघडलेलं फर्मवेअर चालवायचं सोडून डबा नवं मागायला थांबतो, आणि तेवढ्यात फाइल ढकलायची. हात थरथरला, तिसरा पाय जोडला गेला, तर डबा कायमचा गेला. घरातला एकुलता एक राउटर असा उघडा टेबलावर पडलेला, आणि त्याच्यावर वाकलेला माणूस श्वास रोखून एक-दोन-तीन करत पाय मोजतोय, हे दृश्य कुठल्या घड्याळजीच्या दुकानातलं वाटावं.

२००४ च्या सुरुवातीला ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हे खुलं फर्मवेअर सुरू झालं. आधी लिंकसिसच्याच सोर्स कोडवर, नंतर पायापासून स्वतंत्र. ‘डीडी-डब्ल्यूआरटी’ आलं, त्यातलं डीडी म्हणजे जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या गाड्यांच्या नंबरपाटीवरची अक्षरं. ‘टोमॅटो’ आलं. २००५ मध्ये लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती काढली. मेमरी निम्मी आणि लिनक्सऐवजी दुसरी कार्यप्रणाली. त्याच वर्षाअखेर जुन्या ताकदीचा, लिनक्सवाला डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा विकायला ठेवला. तो वर्षानुवर्षं विकला गेला. लोकांना वेगवान डबा नको होता असं नाही; त्यांना हाती लागणारा डबा हवा होता.

याच राउटरांना भारतात एक घर मिळालं, तेही डोंगरावर. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरायला सरकारने जानेवारी २००५ मध्ये मोकळीक दिली. लगेच पुढच्या महिन्यात धरमशालेतल्या तिबेटी वस्तीत वाय-फायचं जाळं उभं राहिलं आणि महिनाअखेर ८ ठिकाणं जोडली गेली. स्वस्तातले घरगुती राउटर, त्यात बदललेलं फर्मवेअर, एका छपरावरून दुसऱ्या छपराकडे उडी मारणारं नेट. तिथला पाऊस, विजांचा कडकडाट, लहरी वीजपुरवठा आणि अँटेनाच्या खांबांवर चढणारी माकडं, यांतली एकही गोष्ट कुठल्या कंपनीच्या चाचणीच्या यादीत असणं शक्य नव्हतं. तिथे जे शिकायला मिळालं ते छपरावर चढल्यामुळेच मिळालं.

डेव्ह टॅट यांचं शिक्षणही असंच घराबाहेरच्या खडतर जागी झालं. हे प्रोग्रॅमर काही वर्षं निकाराग्वात राहिले होते आणि तिथे वायरलेस जाळं चालवताना नेट अकारण गुदमरतं कसं, या प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं. गेटिस यांचे आकडे पाहिल्यावर त्यांना आपलंच दुखणं ओळखू आलं. २०११ च्या सुरुवातीला दोघं एकत्र आले, आणि ओपन-डब्ल्यूआरटीच्या खांद्यावर उभं राहून टॅट यांनी सेरो-डब्ल्यूआरटी बांधायला घेतलं. सगळ्यांनी तपासायचा डबा एकच असावा म्हणून नेटगिअरचं मॉडेल ठरलं, १६ मेगाबाइट फ्लॅशवालं. त्याला प्रयोग सोसण्याइतकी जागा होती आणि वीट होऊ नये म्हणून तळाशी ते बारीक भोक होतं. फर्मवेअर चढलं, की राउटर नेहमीच्या पत्त्यावर न सापडता १७२.३०.४२.१ वर सापडे. पहिल्यांदाच करणारा माणूस इथे हमखास घाबरत असणार.

या काळातली एक अडचण जवळून बघण्यासारखी आहे. टॅट यांना नुसती रांग दुरुस्त करायची नव्हती. घरच्या राउटरने नावं शोधतानाही फसू नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणून डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या, उत्तरांवरची सही तपासण्याची सोय त्यांनी आत घातली. सहीला मुदत असते : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत खरी. आता घरगुती राउटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की तो वेळ विसरतो, आणि उठतो तेव्हा त्याच्या लेखी साल असतं १९७०. आजच्या सह्या त्याला भविष्यातल्या वाटतात, म्हणून तो त्या नाकारतो. बरं, खरी वेळ विचारून घ्यावी, तर वेळ सांगणाऱ्या संगणकाचं नाव शोधायला डीएनएस हवं. डीएनएस चालायला वेळ हवी. आधी कोंबडी की आधी अंडं, हा प्रश्न एका प्लास्टिकच्या डब्यात जिवंत होऊन बसला होता.

प्रयोगशाळेत राउटर दिवसरात्र चालू असतो, त्याला वेळ माहीत असते. हा दोष कळायला वीज जावी लागते आणि ती परत आल्यावर घरात कुणीतरी म्हणावं लागतं, की दिवे तर लागलेत, मग एकही पान का उघडत नाही? पुढे ‘डीएनएसमास्क’ या छोट्या, पण असंख्य राउटरांत असलेल्या प्रोग्रॅममध्ये याची तोड निघाली. खरी वेळ कळेपर्यंत सहीची तारीख बघायची नाही, कळली की बघायला लागायचं. ऐकायला किती सोपं. पण एवढ्या ओळीपर्यंत यायला किती घरांची नेटं किती वेळा गेली असतील!

दुसरा दोष आणखी खोल होता. या राउटरचा मिप्स जातीचा प्रोसेसर मेमरी चार-चार बाइटच्या टप्प्याने वाचायला सोकावलेला. इथरनेटचं शीर्षक मात्र १४ बाइटचं. त्यामुळे त्यामागचा आयपीचा मजकूर टप्प्याबाहेर पडे, आणि दर वेळी प्रोसेसर ठेचकाळून उठे. काम होई, पण धापा टाकत. शिवाय वाय-फायचा एक हट्टी दोष होता. तासन्‌तास नीट चाललेलं जाळं मधेच मुकं होई. तो वर्षानुवर्षं छळत राहिला आणि २०१४ मधल्या शेवटच्या आवृत्तीच्या सुमाराला एकदाचा आवरला गेला. असा दोष पकडायचा तर एकच उपाय : डबा चालू ठेवायचा, घर त्याच्यावर सोडायचं आणि तो पडायची वाट बघायची. पडला, की चिडायच्या आधी नोंद करायची. कुठली आवृत्ती, किती तास चालली, त्या वेळी कोण काय करत होतं, कुठला दिवा कसा होता. ज्याने रात्री अकरा वाजता, घरच्यांची बोलणी खात ही चार वाक्यं नीट लिहून पाठवली, त्याचं नाव पुढे कुठल्याच डब्यावर छापलं गेलं नाही. पण दुरुस्ती त्या चार वाक्यांवरच उभी आहे.

मुख्य दुखण्यावरचं औषध २०१२ च्या मे महिन्यात आलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ नावाची पद्धत मांडली. जेकबसन हे या कामातले आजोबाच. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ यांच्यात, म्हणजे जेमतेम ४०० यार्डांवर, नेट इतकं गुदमरलं होतं की सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. त्यातून इंटरनेटला वर काढणारी टीसीपीची शिस्त जेकबसन यांनीच घालून दिली. पाव शतकाने ते परत त्याच रांगेशी आले. कोडेलचं म्हणणं असं, की रांग किती लांब आहे ते मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते मोजा. क्षणभर गर्दी झाली तर होऊ दे. पण सलग १०० मिलिसेकंद बघूनही एकालाही ५ मिलिसेकंदांच्या आत पुढे जाता येत नसेल, तर ही साचलेली गर्दी आहे. एक पॅकेट गाळा, म्हणजे पाठवणाऱ्याला निरोप जाईल.

एरिक ड्यूमाझे यांनी लिनक्समध्ये कोडेलला वाटणीची जोड दिली. एकच रांग न करता १०२४ रांगा करायच्या आणि प्रत्येकीला आळीपाळीने पुढे घ्यायचं. जिला अगदी थोडं पाठवायचंय, तिला आधी. पुन्हा पंढरपूरच घ्या. पायावर डोकं ठेवायला आलेल्यांची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, म्हणून ज्याला क्षणभर रूप बघून परतायचंय त्याला दिवसभर ताटकळावं लागत नाही. ‘एफक्यू-कोडेल’ हे या पद्धतीचं नाव. जुलै २०१२ च्या लिनक्स ३.५ मध्ये ती आली, आणि ती घासूनपुसून बघण्याचं काम सेरोच्या घरांनी केलं. डेन्मार्कच्या टोके हॉइलँड-यॉर्गेन्सन यांनी चाचणीचं साधन लिहिलं. चढवणं-उतरवणं दोन्हीकडून नेट पूर्ण भरायचं आणि त्याच वेळी पिंग मोजायचं. तोवर हा साधा प्रश्न यंत्राला क्वचितच कुणी विचारला होता, की घर भरलेलं असताना तू कसा वागतोस?

उत्तर आलेखात दिसलं. जिथे रेघ सेकंदाच्या वर चढत होती, तिथे ती जमिनीलगत चालायला लागली. २०१४ मध्ये सेरो थांबवण्यात आलं, कारण त्यातलं बहुतेक सगळं मूळ ओपन-डब्ल्यूआरटीत आणि लिनक्समध्ये गेलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये कोडेल आणि एफक्यू-कोडेल या पद्धती इंटरनेटच्या तांत्रिक कागदांत, आरएफसी ८२८९ आणि ८२९० म्हणून, नोंदवल्या गेल्या. दोनच वर्षांनी कोविडची टाळेबंदी आली, आणि पुण्या-नाशकातल्या दोन खोल्यांच्या घरांतही एकाच वेळी शाळा, ऑफिस आणि दवाखान्याची व्हिडिओ भेट भरायला लागली. ज्या प्रसंगासाठी ही सगळी तालीम झाली होती, तो प्रसंग घरोघर आला. पण अनेक घरांतले डबे जुनेच होते, आणि ‘मला ऐकू येतंय का’ हे त्या वर्षीचं वाक्य होऊन बसलं.

मधल्या काळात हे दार बंदही होऊ शकलं असतं. रेडिओ लहरींच्या नियमांच्या नावाखाली राउटरचं फर्मवेअर बदलताच येऊ नये, अशी वेळ २०१५ मध्ये अमेरिकेत आली. त्या ऑक्टोबरमध्ये टॅट आणि इंटरनेटच्या जनकांपैकी एक विंट सर्फ यांच्यासह २६० हून अधिक जाणकारांनी तिथल्या दूरसंचार आयोगाला लिहिलं, की कुलूप घालू नका; उलट सोर्स कोड सर्वांना तपासता येईल असा ठेवा. पुढच्या वर्षी टीपी-लिंकशी झालेल्या तडजोडीत कंपनीने २ लाख डॉलर दंड भरला आणि त्याच कागदात बाहेरचं फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने काम करण्याचंही मान्य केलं. डबा कुणाचा, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. ज्याच्या घरात तो लागतो आणि ज्याला त्याचा दोष दिसतो, त्याला तो उघडताही आला पाहिजे, हे सेरोच्या चार वर्षांनी पुराव्यासकट दाखवलंय. तो उघडता आला नसता, तर गेटिस यांच्या हाती एक विचित्र आकडा तेवढा राहिला असता.

टॅट नंतरही गप्प बसले नाहीत. रांग म्हणजे काय ते समजावताना ते माणसांनाच व्यासपीठावर उभं करत, तुम्ही पॅकेट, तुम्ही राउटर, आणि ढकलाढकली करून दाखवत. १ एप्रिल २०२५ रोजी ते गेले. त्यांनी बांधलेल्या रांगा आज कुठे कुठे चालतात, हे त्या वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना माहीतही नाही.

तळाशी भोक असलेला तो डबा आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस मात्र अजून सापडतो. दिवा आता स्थिर हिरवा झाला आहे. तो सेटिंगचं पान उघडतो आणि एक उलटं वाटणारं काम करतो : जेवढा वेग विकत घेतलाय, त्यातला साधारण दहावा हिस्सा सोडून देतो. चढवण्याचा वेग २० मेगाबिट मिळत असेल, तर राउटरला १८ चीच मर्यादा घालतो. म्हणजे मोडेममध्ये गर्दी साचणारच नाही. रांग राउटरमध्येच लागेल, आणि राउटर आता त्याच्या ताब्यात आहे. मग मुद्दाम एक भलीमोठी फाइल चढवायला लावतो आणि शेजारच्या खिडकीत पिंग सुरू करतो. २२, २४, २३, २७. पलीकडच्या खोलीत मुलगी मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलतेय. तिचं बोलणं तुटलेलं नाही. वहीत तो आवृत्तीचा क्रमांक आणि वेळ लिहितो, लॅपटॉप उचलतो आणि पिंग चालूच ठेवून मागच्या खोलीकडे निघतो, दोन भिंतींपलीकडे आकडे काय म्हणतात ते बघायला.